नात्याचा कागद उलटा

शस्त्र परवाना कचेरीत तीन नंबरच्या खिडकीमागे बसणाऱ्या गृहस्थांना सगळे पट्टीकाका म्हणत. समोर आलेल्या प्रत्येक अर्जावर ते एक जुनी लाकडी फूटपट्टी आडवी ठेवत, एक ओळ वाचत, पट्टी खाली सरकवत, मग पुढची ओळ वाचत. वाचताना ओठ हलत. नऊ पानांचा अर्ज असला तर नऊच्या नऊ पानं याच चालीने. रांगेतली माणसं पाय बदलत, घड्याळं बघत. एखादा शहाणा म्हणायचाही, "काका, उद्या परीक्षा आहे का?" त्यावर मान वर न करता काका म्हणत, "माझी नाही, तुमची," आणि पट्टी खाली सरकवत.

एकतीस वर्षं ते त्या खिडकीत होते. पहिली दहा-बारा वर्षं समोरून लांब नळीच्या जुन्या बंदुका गेल्या. 'कारण' या रकान्यात लोक लिहीत: रानडुकरं, पिकाची राखण, वडिलांची आठवण. मग नळ्या आखूड होत गेल्या आणि कारणंही. आता खिशात मावणारी पिस्तुलं होती आणि रकान्यात एकच शब्द, स्वसंरक्षण. कोणापासून, हे कोणी लिहीत नव्हतं आणि अर्ज विचारतही नव्हता. अर्ज हा प्राणीच तसा आहे. जे विचाराल तेवढंच सांगेल, आणि सरकारला नेमकं नको तेच विचारायची हौस.

तीन वर्षांपूर्वी चौकातल्या औषधाच्या दुकानदाराने भर दुपारी, चहाचे कप टेबलावर असताना, बायकोला गोळी घातली आणि मग स्वतःला. आदल्याच दिवशी बायकोने त्याला सांगितलं होतं की ती माहेरी चालली आहे. पिस्तूल परवान्याचं होतं. परवाना तीन नंबरच्या खिडकीतून गेला होता. त्या संध्याकाळी पट्टीकाकांनी त्याची फाईल काढून पुन्हा पहिल्यापासून वाचली. एकही ओळ खोटी नव्हती. एकही रकाना रिकामा नव्हता. याचाच त्यांना जास्त त्रास झाला. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

मग समिती आली. समितीबरोबर इस्पितळातली एक डॉक्टरीणबाई आली आणि तिने कचेरीच्या भिंतीवर आलेख लावला. एक रेघ खाली येत होती. ती रस्त्यावरच्या लुटालुटीतल्या गोळीबारांची. दुसरी वर चढत होती, ती घरातल्या गोळीबारांची. कोणी बायकोवर, कोणी भावावर, आणि सर्वांत जास्त स्वतःवर. तिसरी एक तुटक रेघ होती, चोरून विकल्या जाणाऱ्या पिस्तुलांची. ती नक्की कुठे चालली आहे ते सांगता येत नाही, असं बाई म्हणाली, पण रेघेचं तोंड वरच होतं. "चोराकडचं पिस्तूल पोलीस शोधतात," ती म्हणाली. "घरच्या कपाटातलं फक्त घरच्यांना माहीत असतं. त्यांना विचारा." सगळ्यांनी माना हलवल्या. पट्टीकाकांनी मात्र ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

त्यातून नवे नियम निघाले. पिस्तुलासाठी कुलपाची पोलादी पेटी. नव्या परवान्यासाठी तीन आठवडे थांबायचं बंधन. आणि अर्जाला दहावं पान, घरच्या माणसाचं निवेदन. परवाना नवा असो वा नूतनीकरणाचा, घरातल्या एका सज्ञान माणसाने कचेरीत यायचं, कोपऱ्यातल्या पडद्याआड एकट्याने बसायचं, एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: या घरात हे शस्त्र असण्याला तुमची हरकत आहे का? खाली लिहायला पाच ओळी. मग पान पाकिटात, पाकीट चिकटवून पेटीत. अर्जदाराने ते बघायचं नाही. पाकीट खिडकीवरचा कारकून उघडणार आणि हरकत असेल तर परवाना तिथेच थांबणार. साधा नियम होता, शहाणा होता. पेटीच्या नियमामुळे तर पहिल्याच वर्षात मुलांच्या हाती पिस्तूल लागून होणारे अपघात थांबले. पट्टीकाका घरी येऊन बायकोला म्हणाले, "आता अर्जाला कान आले."

एरवी ते घरी कचेरीबद्दल चकार शब्द काढत नसत. घरी कचेरी नको, हा त्यांचा नियम. बायकोने तो इतक्या वर्षांत इतका ऐकला होता की तीच आता त्यांना तो ऐकवायची.

आता कचेरीतली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. वीस वर्षांपूर्वी एका कारकुनाने आपल्या मेहुण्याचा परवाना एका दुपारीत काढून दिला होता. पुढे त्या मेहुण्याने दिवे लावले, चौकशी बसली, अर्धी कचेरी भाजून निघाली. तेव्हापासून तिथे एक अलिखित कायदा पडला: नात्याचा कागद उलटा. नातलगाची फाईल समोर आली की ती उघडायची नाही, वाचायची नाही. पालथी करायची आणि शेजारच्या टेबलावर सरकवायची. कोणी काही बोलायचं नाही. पालथी फाईल म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळायचं. आणि ही रीत सर्वांत कडक कोण पाळत असेल तर पट्टीकाका. स्वतःच्या सख्ख्या भावाची फाईल त्यांनी अशी सरकवली होती की जणू हात भाजला.

त्यांना एकुलती एक लेक. सहा वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं, चार वर्षांची एक नात होती. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, पण पट्टीकाकांना हा ग्रह उच्चीचा वाटायचा. माणूस नीटनेटका, आवाज मऊ, 'बाबा, बाबा' करून बोलणारा. घरांना धोक्याच्या घंटा बसवून देण्याचा त्याचा धंदा होता. दारोदार जाऊन तो लोकांना सांगायचा की चोर कुठून येतात, किती मिनिटांत येतात, झोपलेल्या माणसाला कसं कळत नाही. खरं तर तो भीती विकायचा, घंटा वर फुकट. चार दारं ठोठावली की दोन उघडत, असा त्याचा हिशेब. आणि दुसऱ्यांना विकता विकता थोडी स्वतःकडेही राहिली असेल, कोण जाणे, त्याने पिस्तूल घेतलं. तेव्हा दहावं पान नव्हतं.

एकदा लेकीकडे जेवायला गेले असताना जावयाने कमरेचं पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं, मिठाच्या डबीशेजारी. पट्टीकाकांनी हातातला घास ताटात ठेवला. ते म्हणाले, "जावईबापू, नियमाने हे कुलपात हवं."

"आहे ना बाबा, पेटी आहे," जावई हसून म्हणाला आणि उठून त्याने आतून पेटी आणून दाखवली. नवीकोरी, पोलादी, दोन किल्ल्या. पट्टीकाकांनी कुलूप उघडून-लावून पाहिलं आणि त्यांचं समाधान झालं. पेटी रिकामी होती हे त्यांनी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. पिस्तूल तर टेबलावर होतं, मग पेटी रिकामी असणारच, इतकं ते सरळ होतं.

परत निघताना लेक त्यांना पोचवायला फाटकापर्यंत आली. "बाबा, ते पिस्तूल…" तिने सुरुवात केली.

"हे बघ, घरी कचेरी नको," ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून निघाले. दारात जावई उभा होता आणि हात हलवत होता.

मग जावयाच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा दिवस आला. जावई लेकीला गाडीने घेऊन आला. पट्टीकाकांनी काचेतून हात केला. तिने त्यांच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि पडद्याआड गेली. जावई बाहेर उभा राहून नातीला कडेवर खेळवत होता. पाचएक मिनिटांनी ती बाहेर आली, पाकीट पेटीत टाकलं आणि पुन्हा एकदा काचेकडे पाहिलं. पट्टीकाका हसले. ती हसली नाही. थकली असेल, असं त्यांना वाटलं.

दुपारी ती फाईल पाकिटासकट त्यांच्या टेबलावर आली. वरचं नाव पाहताच त्यांनी पट्टी बाजूला ठेवली, फाईल पालथी केली आणि शेजारी सरकवली.

शेजारच्या टेबलावर शिक्केबाई बसायची. कचेरीचा गोल शिक्का तिच्या ताब्यात, म्हणून शिक्केबाई. मनाने चांगली, हाताने झटपट. तिने पालथी फाईल पाहिली, सुलट केली, नाव वाचलं. पाकीट हातात घेतलं आणि पुन्हा ठेवलं. जावई काकांचा, लेक काकांची. काही वावगं असतं तर काकांना आधीच माहीत नसतं का? आणि बरोबर बसून डबा खाणाऱ्या माणसाच्या लेकीचं पाकीट फोडायचं म्हणजे त्याच्या घराच्या खिडकीतून डोकावायचं. तिने न उघडता शिक्का मारला. एकाने नातं आहे म्हणून वाचलं नाही, दुसरीने नातं आहे म्हणूनच वाचलं नाही. दोघांनीही रीत पाळली आणि दोघंही घरी जाऊन शांत झोपली.

नंतरचे सात महिने लेक हळूहळू दूर गेली. आधी आठवड्याला यायची, मग महिन्याला. फोन केला तर जावई उचलायचा, "ती कामात आहे बाबा, सांगतो." आईच्या वाढदिवसाला ती आली, जावई बरोबर होताच. सगळा वेळ ती मान खाली घालून बसली. मधेच, जावई हात धुवायला उठला तेवढ्यात, तिने विचारलं, "बाबा, तुम्ही अजून प्रत्येक ओळ वाचता?"

"डोळे आहेत तोवर वाचणार," पट्टीकाका अभिमानाने म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मग नळ बंद झाल्याचा आवाज आला आणि तिने पुन्हा मान खाली घातली. त्यानंतर ती आलीच नाही. बायको म्हणायची, "अहो, तिचं काहीतरी बिनसलंय. तुमच्याशीच बिनसलंय." पट्टीकाका म्हणायचे, "माझ्याशी कशाला? मी काय केलं?" आणि खरंच, त्यांनी काहीच केलं नव्हतं.

वर्ष संपलं. नव्या नियमांचा काय परिणाम झाला याचा तक्ता वर पाठवायचा होता. मंजूर झालेल्या फायली तळमजल्यावर जात. तिथे एक मुलगी पाकिटांतली पानं बाहेर घ्यायची, एखादं पाकीट बंदच राहिलं असेल तर फोडायची, पानं स्कॅनच्या मशीनमधून काढायची आणि संगणकात 'हो' किंवा 'नाही'ची खूण भरायची. ती कशाची हे विचारणं तिच्या कामात नव्हतं. त्या खुणांचा तक्ता तयार होऊन तपासणीला आला तो सर्वांत जुन्या कारकुनाकडे. पट्टीकाकांनी चष्मा पुसला आणि पट्टी ठेवली.

घरच्यांची निवेदनं, चारशे बारा. हरकत नाही, चारशे अकरा. हरकत आहे, एक.

त्यांना आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, खरोखर आनंद झाला. "बाई," त्यांनी हाक मारली, "चारशे बारांत एक तरी धीट निघाली बघा. नियम फुकट गेला नाही."

"बरं झालं," शिक्केबाई म्हणाली. "कधी नाकारला तो परवाना? मला कसा आठवत नाही?"

पट्टीकाकांनी पट्टी एक ओळ खाली सरकवली. हरकतीवरून नाकारलेले परवाने, शून्य.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग पट्टी उचलून वरची ओळ वाचली. कुठलंतरी घर होतं, तिथल्या कोणीतरी पडद्याआड बसून 'हरकत आहे' लिहिलं होतं, आणि काही महिने झाले असतील, कदाचित वर्ष, पिस्तूल त्याच घरात होतं. "हे आपल्याच हातून गेलंय," ते म्हणाले. शिपायाला न पाठवता ते स्वतः तळमजल्यावर गेले आणि खुणेवरून फाईलचा नंबर काढला. रॅकमधून फाईल ओढली. वरचं नाव वाचलं आणि सवयीने त्यांच्या हाताने ती पालथी केली.

बराच वेळ ते त्या पालथ्या फाईलवर हात ठेवून उभे होते. मशीनवरच्या मुलीने विचारलं, "काका, पाणी देऊ?" त्यांनी मान हलवली. मग फाईल सुलट केली आणि दहावं पान काढलं.

अक्षर ओळखायला चष्मा लागला नाही. ते त्यांनीच वळवून घेतलं होतं, याच पट्टीने रेघा आखून देऊन. पाच ओळी होत्या आणि पाचही काठोकाठ भरल्या होत्या.

"हरकत आहे. पेटी फक्त दाखवायला. पिस्तूल जेवताना टेबलावर, झोपताना उशीखाली. एक गोळी हे वेगळी खिशात ठेवतात, माझ्या ताटाशेजारी उभी करतात आणि म्हणतात, ही तुझी. बाबा, माझा फोन त्यांच्याकडे असतो, मला कुठे एकटीला सोडत नाहीत. तुम्ही प्रत्येक ओळ वाचता म्हणून इथे लिहिते. आज संध्याकाळी या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण ती म्हण हरवलेल्या वस्तूंसाठी आहे. ही त्यांची पोर होती. सात महिने ती तिसऱ्या खिडकीपासून दोन जिने खाली, रॅकमध्ये, दोरीने बांधून पडली होती.

वर येऊन त्यांनी पान शिक्केबाईसमोर ठेवलं. तिने वाचलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "मी उघडलं नाही हो काका. तुम्ही सरकवलंत, म्हटलं तुमचं घरचंच आहे, काही असतं तर तुम्ही…"

"माझं घरचंच होतं," पट्टीकाका म्हणाले.

साहेबांनी तिथल्या तिथे परवाना रद्द करायची तयारी दाखवली, नोटीस टाइप करायला सांगितली. पट्टीकाका म्हणाले, "साहेब, नोटीस नको. आधी लेक." साहेब समजले नाहीत. पट्टीकाकांना औषधाच्या दुकानदाराची फाईल पाठ होती. बाई निघणार असं कळल्यापासून पुढचा दिवसच सर्वांत वाईट असतो. "नोटीस ती घराबाहेर पडल्यावर," ते म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी साहेबांना दिलेला हा पहिला हुकूम.

शिक्केबाईने आपली गाडी काढली. रस्ता वीस मिनिटांचा. वाटेत ती रडत होती आणि पट्टीकाका म्हणत होते, "समोर बघा, बाई." त्यांच्या मनात एकच चालू होतं. आज मंगळवार. दुपारी जावई फिरतीवर असतो. असतोच. बहुतेक असतो.

गल्लीत त्याची गाडी नव्हती. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून लेकीचा अर्धा चेहरा दिसला, वाळलेला. तिने त्यांना पाहिलं, त्यांच्या हातातलं पान पाहिलं. साखळी काढली नाही.

"आता कशाला आलात?" ती म्हणाली.

"मी वाचलं."

"सात महिन्यांपूर्वी वाचलंत. वाचलंत आणि शिक्का मारलात." तिचा आवाज चढला नाही. "यांनी घरी येऊन परवाना दाखवला मला. म्हणाले, बघ, तुझ्या बाबांच्या कचेरीचाच शिक्का."

"मी वाचलं नव्हतं गं. आज वाचलं. आत्ता, तासाभरापूर्वी. नात्याचा कागद आम्ही…" वीस वर्षं जे अभिमानाने सांगितलं, ते त्या फटीसमोर सांगायला तोंड उघडेना. "नात्याचा कागद आम्ही उघडत नाही."

"म्हणजे मी परकी असते तर वाचला असतात," ती म्हणाली.

"हो."

तिने साखळी काढली. दाराच्या मागे, छत्र्यांच्या खाली, एक बॅग होती. वर नातीची लोकरीची टोपी ठेवलेली. टोपीवर धूळ होती.

"कधी भरलीस?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी या म्हणून लिहिलं होतं ना." तिने नातीला उचललं. "पहिले चार-पाच दिवस रोज तुमच्या चपलांचा आवाज ऐकत बसायचे. मग टोपी लहान झाली तिला."

पट्टीकाका दाराच्या पायरीवर बसले आणि रडले. शिक्केबाईने बॅग उचलली, लेकीने त्यांना दंडाला धरून उठवलं आणि म्हणाली, "बाबा, घरी जाऊन रडा. चला." तिचं बरोबर होतं.

संध्याकाळी पोलीस पिस्तूल ताब्यात घ्यायला गेले तेव्हा घराला कुलूप होतं आणि माणूस नव्हता. पिस्तूलही नव्हतं. अकरा दिवस तो सापडला नाही. त्या अकरा दिवसांत पट्टीकाकांच्या घरचे पडदे उघडले नाहीत. दारावर एक हवालदार बसला, पाचव्या दिवशी त्याला दुसऱ्या कामावर नेलं. रोज एकदा फोन यायचा. जावई मऊ आवाजात म्हणायचा, "बाबा, एवढं काय झालंय? एकदा समोरासमोर बसू," आणि पोलिसांनी माग काढेपर्यंत फोन बंद. बायको दारावर टकटक झाली की आधी नातीला शोधायची.

बाराव्या दिवशी सकाळी, रांगेत आठवा माणूस म्हणून, तो तीन नंबरच्या खिडकीसमोर आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. हातात पोलादी पेटी.

"जमा करायला आलोय," तो म्हणाला. "वकील म्हणाले, स्वतः जमा केलं की बरं पडतं."

शिक्केबाई खुर्चीतून उठली. रीतीप्रमाणे हे तिचं काम होतं. तिने हात पुढे केला. "बसा, बाई," पट्टीकाका म्हणाले. "हा मीच वाचणार." शिपाई मागच्या दाराने पोलिसांना बोलवायला गेला होता. पट्टीकाकांनी जमा-पावती घेतली, तिच्यावर पट्टी ठेवली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. रांगेत कोणी पाय बदलला नाही.

पिस्तूल, एक. पेटी, एक. किल्ल्या, दोन. मग त्यांनी काडतुसं मोजली, ओळीने उभी करून. मोजून झाल्यावर पुन्हा मोजली.

"परवान्यावर पंचवीस आहेत," ते म्हणाले. "ही चोवीस."

"असेल घरात कुठेतरी," जावई म्हणाला. "तिने घाईत घर सोडलं ना. तिलाच विचारा, बाबा. तिला माहीत असेल."

पोलिसांनी त्याला नेलं, त्याचे खिसे तपासले, घर तपासलं, गाडी तपासली. ती गोळी सापडली नाही. लेकीच्या तक्रारीवर वकिलाने जामीन आधीच मिळवून ठेवला होता, आणि एका काडतुसासाठी किती दिवस धरून ठेवणार? दुपारपर्यंत जबाब झाला आणि संध्याकाळी पाच वाजता तो सुटला.

साडेसहाला पट्टीकाका घरी पोचले. लेक आतल्या दिव्याखाली नातीच्या फ्रॉकची शिवण घालत होती. नात खिडकीजवळच्या पलंगावर झोपली होती. "झालं जमा?" लेकीने विचारलं.

"झालं."

"पावती वाचा."

"अहो, घरी कचेरी नको," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या नवऱ्याचा चेहरा तिला दिसत होता.

पट्टीकाका बसले. पिशवीतून पट्टी काढली. पिस्तूल वाचलं, पेटी वाचली, किल्ल्या वाचल्या. मग पट्टी पुढच्या ओळीखाली आली आणि त्यांचे ओठ हलायचे थांबले. ही एक ओळ गाळता आली असती. 'सगळं जमा' म्हटलं असतं तर पोर आज झोपली असती. त्यांना मनापासून तसं करावंसं वाटलं. लेक सुई हातात धरून त्यांच्याकडे बघत होती.

"काडतुसं," त्यांनी वाचलं. "परवान्यानुसार पंचवीस. जमा, चोवीस."

बायको दारातच खाली बसली.

"बिनपरवान्याचं पिस्तूल मिळायला किती दिवस लागतात, बाबा?" लेकीने विचारलं.

पट्टीकाकांना भिंतीवरची ती तुटक रेघ आठवली. "आठवडा," ते म्हणाले. "ओळख असेल तर कमी."

लेकीने सुई फ्रॉकमध्ये खोचून ठेवली. उठून नातीला पलंगावरून उचललं आणि आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत नेऊन झोपवलं. परत येताना दाराची वरची कडी लावली, मग खालची. मग येऊन बापाशेजारी बसली.

"पुढे वाचा," ती म्हणाली.

पट्टीकाकांनी पट्टी एक ओळ खाली सरकवली.